शिरपूरचे लोग

असं समजा, तुमच्या घरी एक गडी आहे. तो बोलत नाही, दमलो म्हणत नाही. त्याला वाचता येतं, पण अंदाज बांधता येत नाही. त्याच्यासाठी ओळीखाली ओळ लिहून ठेवायची: रविवारी दुपारी दोन वाजता घरभर हिंडायचं, आठ दिवसांहून जुने पेपर शोधायचे आणि टाकून द्यायचे. तुम्ही गावाला गेलात तरी तो रविवारी दोन वाजता उठतो आणि टाकून देतो. पेपर कशाला म्हणायचं, हे तुम्ही त्याला सांगितलेलं नाही; ते काय सांगायचं, असं तुम्हाला वाटलं. आता डोळे मिटा आणि त्या गड्याच्या मालकाच्या डोक्यात शिरा. तिथे बसायला जागा पुष्कळ आहे. मालकाचं नाव अभिमन. वय चाळिशीच्या आतलं, पण चालणं साठीचं. जळगावातल्या एका धर्मादाय डोळ्यांच्या दवाखान्यात तो कॉम्प्युटरची खोली सांभाळतो. साल एक्क्याण्णव, डिसेंबरचा पहिला सोमवार, सकाळचे साडेदहा. खोलीच्या दारात मुमताज उभी आहे. ती दसऱ्यापासून इथे टायपिंगला लागली आहे, आणि ती म्हणते आहे, "भाऊ, शिरपूर के लोग नहीं मिल रहे."

"बाजाराला गेले असतील," अभिमन म्हणाला.

मुमताज हसली नाही. तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. तेवढ्यावरून त्याला कळलं की काहीतरी खरोखर हरवलं आहे. ऑक्टोबरमध्ये दवाखान्याने शिरपूरला शिबिर घेतलं होतं. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरून माणसं आली होती, कुणी बैलगाडीतून, कुणी नातवाच्या खांद्यावर हात ठेवून. बासष्ट जणांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दीड महिन्याने पोस्टकार्ड येईल, मग जळगावला या, टाके काढू आणि चष्मा देऊ, असं त्यांना सांगितलं होतं. पोस्टकार्डावरचे पत्ते हे यंत्र छापायचं. शिबिराला गेलेल्या दवाखान्याच्या माणसांनी हाताने लिहून आणलेली नावं मुमताजने ऑक्टोबरच्या अखेरीस यंत्रात घातली होती, आणि आज ती छापायला बसली तर यंत्र म्हणत होतं, अशी फाइलच नाही. अभिमनने तिची खुर्ची घेतली. त्याने तिला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, नाव कसं द्यायचं ते: इंग्रजी अक्षरांत आधी गाव, मग टिंब, मग लोक. तिच्याआधीच्या बेबाबाई तसंच देत. त्याने यंत्राला विचारलं, शेवटी 'लोक' असलेल्या सगळ्या फाइली दाखव. यंत्राने भडगाव दाखवलं, पारोळा दाखवलं, बेबाबाईंच्या हातची आठ-दहा गावं दाखवली. शिरपूर नव्हतं. नकला ठेवायच्या टेपवरही नव्हतं; टेपा दोनच होत्या, आलटून पालटून जुन्या नकलेवर नवी चढायची. हाताने लिहिलेले कागद टाइप झाले की रद्दीत धरले जायचे, ते कुणाच्या मनातही आले नाहीत. यंत्र विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतं. दुसरा प्रश्न विचारायला हवा होता हे ते सांगत नाही. मागे ट्रस्टचे सेक्रेटरी मोतीलालजी येऊन उभे राहिले होते, आणि अभिमन मान न वळवता म्हणाला, "फाइल बनलीच नाही असं दिसतंय."

हे वाक्य त्याच्या तोंडून किती सहज गेलं, हे त्याला नंतर चार दिवस आठवत राहिलं. मोतीलालजी रागावणारे गृहस्थ नव्हते. ते फक्त चष्मा काढून पुसायचे. "बाई, टाइप केलं नसेल तर नाही म्हणा. खोटं कशाला?" मुमताज म्हणाली, "किया मैंने. दो दिन लगे. एकेक पाड्याचं नाव विचारून केलं." मोतीलालजींनी चष्मा पुन्हा डोळ्यावर चढवला. शनिवारपर्यंत लोक सापडले तर ठीक, नाहीतर सोमवारपासून येऊ नका, असं ते म्हणाले, आणि डॉक्टरांना काय सांगायचं या काळजीत जिना उतरून गेले. खोलीत मशीनच्या पंख्याचा आवाज राहिला. अभिमनला तो आवाज आवडायचा. त्या आवाजात कुणी काही विचारत नाही.

बुधवारी एक म्हातारा आला. उखर्डू नाव, डोक्याला मळकं पागोटं, उजव्या डोळ्यावर हिरवं फडकं बांधलेलं. बोराडीच्या वरच्या अंगाचा पाडा, तिथून दोन बस बदलून तो एकटा आला होता. त्याला कॉम्प्युटरच्या खोलीत कुणी पाठवलं कोण जाणे. पोस्टकार्ड इथून निघतात एवढं कुणीतरी सांगितलं असावं. "पत्र ई म्हने, ते उनंच नई," तो म्हणाला. "मंग मीच उनू. डोयामा खडा गयागत टोचस." पत्र आलंच नाही म्हणून तो आपणच आला होता, आणि डोळ्यात खडा गेल्यासारखं टोचत होतं. मुमताजने त्याला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. बाकीचे कुठे आहेत, असं अभिमनने विचारलं. "बठ्ठा वाट देखी ऱ्हायनात. सरकारी पत्र बिगर कसं यावानं?" म्हणजे सगळे घरीच पत्राची वाट बघत होते. त्याला स्वतःच्या पाड्यावरची आणखी दोघांची नावं माहीत होती. बाकीचे एकोणसाठ कोणत्या डोंगराआड बसले होते, हे त्याला कसं ठाऊक असणार? डॉक्टरांनी त्याचे टाके काढले आणि वर येऊन म्हणाले, अजून आठ-दहा दिवस ठीक आहे, त्यानंतर डोळे बिघडायला लागतील. जीप पाठवतो, पण कुठे पाठवू ते सांगा. अभिमन पडद्याकडे बघत होता. पडद्यावर हिरवा चौकोन लुकलुकत होता. जाताना उखर्डूने यंत्राला लांबूनच हात जोडले, आणि अभिमनला उगाच वाटलं, ते आपल्याला जोडले.

फाइल बनलीच नसेल तर शोधायचं काय? पण मुमताजच्या बोलण्यातली एक गोष्ट त्याला सोडेना. एकेक पाड्याचं नाव विचारून केलं. न केलेल्या कामाचं इतकं बारीक वर्णन माणूस करत नाही. गुरुवारी दुपारी, बाहेर पेशंटची गर्दी ओसरल्यावर, त्याने एकेक करून पाहिलं. वीज गेली होती का? गेली होती, पण रात्री. डिस्क कुठे खराब आहे का? नव्हती. मग उरलं काय? उरला झाडू. हे नाव त्यानेच दिलं होतं. झाडू म्हणजे त्याने लिहून ठेवलेल्या अकरा ओळी, ज्या यंत्र दर रविवारी दुपारी दोन वाजता आपण होऊन वाचायचं. यंत्र स्वतःची रोजनिशी लिहितं, केव्हा सुरू झालो, कोण आलं, प्रिंटर कुठे अडला. तिला लॉग म्हणतात. रोजनिशा साचत जातात, डिस्क भरते, आणि भरली की सोमवारी सकाळी दोनशे पेशंट रांगेत असताना यंत्र ढिम्म बसतं. म्हणून आधी अभिमन दर रविवारी येऊन हाताने जुन्या रोजनिशा काढायचा. त्याची बायको लता हयात होती तेव्हा ती रविवारी डबा द्यायची आणि म्हणायची, तुमच्या मशीनला सुट्टी माहीत नाही का? मग लता आजारी पडली, आणि तीन महिन्यांत गेली, आणि तिची थोरली बहीण प्रमिला अक्का अभिमनच्या मुलीला, कुंदाला, धुळ्याला घेऊन गेल्या. "मुलीची जात, तुम्ही दिवसभर बाहेर," एवढंच त्या म्हणाल्या. आठ वर्षांच्या कुंदाने रिक्षात बसताना हात हलवला नव्हता. त्यानंतर चार दुपारी बसून अभिमनने झाडू लिहिला. रविवार मोकळा व्हावा, धुळ्याला जाता यावं, म्हणून लिहिला. तीन वर्षांत त्याने एकही रविवार चुकवला नाही, आणि झाडूनेही नाही.

सुरुवातीला झाडू बोलायचा. काम झालं की काय काय काढलं त्याची यादी अभिमनच्या नावे ठेवून द्यायचा, आणि सोमवारी सकाळी अभिमन ती वाचायचा. तेच ते. चौथ्या महिन्यात त्याने शेवटच्या ओळीत एक खूण वाढवली. त्या खुणेने झाडूचं सगळं बोलणं एका बिनबुडाच्या खड्ड्यात जायचं. बोलू नकोस, काम कर. खोली आणखी शांत झाली. धुळ्यालाही असंच. प्रमिला अक्कांच्या ओट्यावर तो आणि कुंदा शेजारी बसायचे. जेवलीस का? हो. पेपर कसे गेले? बरे. समोरच्या घराची बाई पापड वाळत घालायची, ते दोघं बघायचे. दोन वाजता तो घड्याळाकडे बघायचा. एकदा कुंदाने विचारलं होतं, काय बघता पप्पा? तो म्हणाला होता, जळगावला आत्ता झाडू चाललाय. तिने मान हलवली होती. कोण झाडतंय, कसं झाडतंय, हे तिने विचारलं नाही, आणि त्याला सांगावंसं वाटत असूनही त्याने सांगितलं नाही, आणि चारची बस आली होती.

बिघडलेल्या कामाचा शोध कसा घ्यायचा, तर त्याला काम करू द्यायचं नाही, नुसतं बोलू द्यायचं. अभिमनने खड्ड्याची खूण पुसली. मग जिथे 'काढून टाक' असा हुकूम होता तिथे 'नुसतं नाव सांग' असा हुकूम घातला, आणि झाडूला भरदुपारी उठवलं. अडीच वर्षांनी झाडू बोलला. पडद्यावर नावं चढू लागली, प्रिंटरची रोजनिशी, दाराशी आलेल्यांची रोजनिशी, टेपची रोजनिशी, आणि मध्येच दोंडाईचाची रोजनिशी. अभिमन पुढे वाचून गेला आणि मग मागे आला. दोंडाईचा रोजनिशी कशाला लिहील? त्याने ती उघडली. आत पहिलंच नाव होतं झुंबरबाई, वय साठ, डावा डोळा. खाली आणखी चाळीसेक जण. नोव्हेंबरच्या शिबिरातले. मुमताजने टाइप केलेली ही फाइल नऊ दिवसांची झाली होती. येत्या रविवारी दोन वाजता झाडूने ती उचलली असती. नावाच्या शेवटी तीन अक्षरं होती, एल, ओ, जी. त्याने ती मनात वाचली, लॉग. मग पुन्हा वाचली. मग सोमवारी दारातून आलेला आवाज त्याच्या कानात आला, शिरपूर के लोग नहीं मिल रहे. पहिल्या दिवशी तो 'लोक' म्हणाला होता. तिच्या घरात, तिच्या आईच्या तोंडी, माणसांना लोग म्हणतात. तिने ऐकलं ते लिहिलं. त्याने अकरा ओळी लिहिल्या तेव्हा यंत्राच्या घरात रोजनिशीशिवाय लोग नावाचं कुणी राहील, हे त्याच्या मनात आलं नव्हतं. घरभर हिंडायचं, असं मात्र त्यानेच लिहिलं होतं. रोजनिशीच्या कपाटापुरतं बघ, एवढं लिहायला एक शब्द पुरला असता. म्हणजे दहा नोव्हेंबरच्या दुपारी दोन वाजता, तो धुळ्याच्या ओट्यावर घड्याळाकडे बघत असताना, शिरपूरचे बासष्ट जण गेले.

त्याने दोंडाईचाचं नाव बदलून ठेवलं, झाडूला बांधून टाकलं, आणि कुणाला काही सांगितलं नाही. शुक्रवारभर नाही. याला तुम्ही भित्रेपणा म्हणाल तर म्हणा, पण आत बसून बघा. सांगितलं की मोतीलालजी चष्मा पुसणार आणि म्हणणार, मग यंत्रावर सोडू नका, आधीसारखे रविवारी स्वतः या. डोळ्यांचा दवाखाना आहे, चूक पुन्हा नको. त्यांचं बरोबरच असेल. ओट्यावरचे ते पाच तास जातील. त्या पाच तासांत काय होतं, असं कुणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं, पापड वाळतात. तरी आठवड्याचे बाकीचे दिवस त्या पाच तासांना टेकून उभे होते, हे त्याला शुक्रवारी संध्याकाळी कुलूप हातात घेताना कळलं. खोलीत मुमताज आपल्या खुर्चीवरची उशी घडी घालून पिशवीत भरत होती. आईने शिवलेली, पाठीला लावायची. "उद्या आहे ना," तो म्हणाला. "कल भीड़ में भूल जाऊँगी," ती म्हणाली.

शनिवारी ती आली तेव्हा त्याने तिला खुर्चीवर बसवलं, स्वतः उभा राहिला आणि सांगितलं. झाडू काय, तो काय शोधतो, एल ओ जी म्हणजे यंत्राच्या भाषेत काय. शेवटी ती म्हणाली, "मतलब मेरे लोग तुम्ही मारले."

"हो."

"आणि सोमवारी म्हणालात, बनलेच नाहीत."

"हो."

"हम्म." तिने पिशवीतली उशी काढली, झटकली, खुर्चीला लावली, आणि मग तिचा आवाज एकदम कामाचा झाला. "वो लिखे हुए कागद तर असतील ना. सात होते. ज्यावरून मी टाइप केलं."

"कुठे आहेत?"

"भाऊ, तुम्हीच तर नेले. पाठकोरे आहेत म्हणून. पोरीला कच्च्या कामाला होतील म्हणालात."

एका बाजूने लिहिलेले, दुसऱ्या बाजूने कोरे. दवाखान्यात काम झालेले असे कागद तो जमवायचा आणि रविवारी धुळ्याला न्यायचा. बाप घरी येताना काहीतरी आणतो. खाऊ आणला तर प्रमिला अक्का म्हणायच्या, कशाला उगाच, आणि कुंदा खाऊ अक्कांच्या पोरांत वाटून टाकायची. पाठकोरे कागद मात्र ती घेऊन आत जायची. तिने त्यांचं काय केलं हे त्याने कधी विचारलं नव्हतं. आता त्याला पहिल्यांदा भीती वाटली, की ते एव्हाना चुलीत गेले असतील, किंवा होड्या होऊन गटारीत.

अभिमनने सांगितलं तेव्हा मोतीलालजींनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. मग मुमताजला म्हणाले, "बाई, सोमवारी या." मग अभिमनला, "माणसं आणा आधी. आणि ते झाडू की काय ते बंद. उद्यापासून रविवारी तुम्ही स्वतः. मी सांगेपर्यंत." अभिमन हो म्हणाला. त्याच्या अंदाजापेक्षा एकही शब्द कमी-जास्त नव्हता, आणि तरी जिना तो कठड्याला धरून उतरला.

शनिवारची दुपारची बस त्याने तीन वर्षांत घेतली नव्हती. उजेड वेगळा होता, माणसं वेगळी होती. एरंडोलच्या पुढे शेतात कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर कुणी भरिताची वांगी भाजत होतं, तो वास बसमध्ये आला आणि पारोळ्यापर्यंत राहिला. त्याला आठवत होता लताचा एक रविवार, तिने वांगी भाजून ठेवली होती आणि तो डिस्क साफ करून चारला आला होता, आणि भरीत गार झालं होतं, आणि ती काही बोलली नव्हती. आपण बोलत नाही म्हणून आपल्याभोवतीची माणसं बोलायची थांबतात, की आधीपासून न बोलणारी माणसंच आपल्याजवळ येतात, हा विचार त्याला धुळ्यापर्यंत पुरला. ओट्यावर कुंदा एकटी बसली होती. शाळेतून नुकती आलेली, दप्तर शेजारी. तो दिसताच ती उठली नाही. तिने आधी त्याच्या मागे पाहिलं, जणू शनिवारी आलेला बाप एकटा आलेला नसणार.

"आज?" ती म्हणाली.

"कागद हवे होते. दिवाळीच्या आधी आणलेले. आहेत का?"

कुंदा आत गेली आणि लगेच बाहेर आली. कागद होते. सातही. कडेने दोऱ्याने शिवलेले, वर पुठ्ठा. त्याने ते अधाशासारखे उघडले. एका बाजूला दवाखान्याच्या माणसाचं घाईचं अक्षर, पाडा, वय, डोळा; बासष्ट जण जागच्या जागी होते. मग पान उलटताना कोरी बाजू समोर आली, आणि ती कोरी नव्हती. पेन्सिलीने लिहिलं होतं, रविवार, तीन नोव्हेंबर. पप्पा अकराला आले. बोलले: जेवलीस का. बोलले: पेपर कसे गेले. दोनला घड्याळ बघितलं. बोलले: थंडी पडेल आता. चारला गेले. पुढच्या पानावर पुढचा रविवार. पुढच्या पानावर त्याच्या पुढचा. एकीकडे खाली नुसतं इतकंच, आज काही नाही बोलले, पण हात धरला बस येईपर्यंत. हात धरल्याचं त्याला आठवत नव्हतं. त्याने फार आठवायचा प्रयत्न केला. शेवटची दोन पानं रिकामी होती.

"आधीच्या कागदांवर पण आहे," कुंदा म्हणाली. "ट्रंकेत."

मग त्याने सांगितलं. इतकं सलग तो तिच्याशी कधी बोलला नव्हता. झाडू, लोक आणि लोग, उखर्डूचा डोळा, मुमताजची उशी. कुंदा मध्येच एकदा हसली, लोग म्हणजे लॉग तिथे. मग तो म्हणाला की आता बरेच रविवार त्याला येता येणार नाही, यंत्रापाशी थांबावं लागेल.

"किती?"

"माहीत नाही."

"तिथे तुम्ही एकटेच असता?"

"हो. दुपारभर."

हातातले कागद मिटून तो म्हणाला, "हे मी नेतो. पाठची बाजू जपून ठेवीन." कुंदाने त्याच्या हातातून कागद काढून घेतले. मांडीवर ठेवून त्यांचे दुमडलेले कोपरे सरळ केले, दप्तरातलं भूगोलाचं पुस्तक उघडलं आणि ते मध्ये घातले. "नावं मी वाचीन," ती म्हणाली, "तुम्ही टाइप करा." मग घराकडे तोंड करून मोठ्याने म्हणाली, "मावशी, मी जळगावला चालले. सोमवारी शाळेत सांग."

आतून प्रमिला अक्कांचा आवाज आला, "कोनी सांगितलं तुला?"

कुंदाने चपला घातल्या, दप्तराचे दोन्ही पट्टे खांद्यावर चढवले, ओट्याच्या पायऱ्या उतरली आणि बस स्टँडच्या रस्त्याला लागली. कोपऱ्यापर्यंत तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही, बाप येतो आहे की नाही ते.